'आपका बंटी' आणि विवाहाचा लोकप्रिय शेवट

लोकप्रिय कलेला विवाहकथेचे दोनच शेवट ठाऊक असतात: मंगलाष्टके किंवा मृत्यू. नायक-नायिकेचे लग्न लागले की पडदा पडतो. आणि लग्नानंतरची हकीकत सांगण्याचा प्रसंग आलाच, तर कोणाच्या तरी मरणाखेरीज ती आटोपता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जो विस्तीर्ण, बिनरंगाचा, रोजचा प्रदेश पसरलेला असतो (घरभाडे, डबा, मुलाचा अभ्यास, एक शब्दही न बोलता सरलेली संध्याकाळ) तो या कलेला नेहमीच नीरस वाटत आलेला आहे. स्त्रियांच्या कथावाङ्मयाने मात्र आपले बिऱ्हाड नेमके याच प्रदेशात थाटले. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ उठला, तो त्या संग्रहात काही अघटित घडत होते म्हणून नव्हे. घरोघरी घडत असलेले, परंतु बोलले न जाणारे असे काही त्यात बोलून दाखवलेले होते, आणि ते बोलणारी बाई कोण याची उत्सुकता तिने काय म्हटले याहून लोकांना अधिक होती.

असे वाङ्मय लोकप्रिय माध्यमाच्या हाती पडले म्हणजे त्याचे काय होते, हा प्रश्न दिल्लीत एकदा केवळ समीक्षेचा न राहता न्यायालयाचा झाला. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या १९७१ च्या कादंबरीवरून 'समय की धारा' नावाचा चित्रपट तयार झाला. चित्रपटाने कादंबरीचे विद्रूपीकरण केले आहे अशी लेखिकेची तक्रार होती, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. लेखकाच्या नैतिक हक्कांविषयीचा एक पायाभूत निर्णय म्हणून कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी मात्र त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः त्या वादात एका कादंबरीचा शेवट कसा असावा, घटस्फोटित आईचे चित्र कसे काढावे आणि ते काढण्याचा अधिकार कोणाचा, असे शुद्ध वाङ्मयीन प्रश्न गुंतलेले होते.

मन्नू भंडारी यांचा जन्म १९३१ सालचा, माळव्यातील भानपुऱ्याचा. बालपण अजमेरला, शिक्षण व पहिली नोकरी कलकत्त्याला, आणि १९६४ पासून दिल्लीच्या मिरांडा हाउस या महाविद्यालयात हिंदीचे अध्यापन, असा त्यांच्या आयुष्याचा नकाशा आहे. १९५९ मध्ये त्यांनी 'नई कहानी' चळवळीतील एक अग्रणी राजेन्द्र यादव यांच्याशी विवाह केला. दोघांनी मिळून 'एक इंच मुस्कान' ही कादंबरी लिहिली. तिच्यातील पुरुषाच्या बाजूची प्रकरणे त्यांची, स्त्रीच्या बाजूची यांची. हिंदी वाचकांना हा प्रयोग मोठा गोड वाटला. परंतु संसाराची प्रकरणे अशी वाटून घेता येत नाहीत. २००७ च्या 'एक कहानी यह भी' या आत्मपर पुस्तकात त्यांनी नोंदवले आहे की, छप्पर एक असले तरी आयुष्ये ज्याची त्याची, असा आधुनिक सहजीवनाचा प्रस्ताव पतीने लग्नानंतर लगोलग मांडला होता. प्रस्ताव ऐकायला उदार आहे. मात्र त्या छपराखालचे भाडे, स्वयंपाक, मुलीचे आजारपण आणि पाहुणे ही कोणाच्या आयुष्यात मोडतात याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि तो नसल्यामुळे ती सारी आपोआप पत्नीच्या वाट्याला आली. सुमारे पस्तीस वर्षांनी दोघे विभक्त झाली. लेखिकेच्या चरित्रातून तिच्या कथेचा अर्थ काढण्याची सवय वाईटच; पण समतेची परिभाषा पुरुषाने आधी आत्मसात केली की तिचाही सोयीस्कर उपयोग होऊ शकतो, हे या लेखिकेने ग्रंथांतून शिकलेले नाही, एवढे ध्यानात ठेवावयास हरकत नाही.

चित्रपटसृष्टीशी त्यांचा पहिला संबंध सुखाचा होता. 'यही सच है' या त्यांच्या कथेवरून बासू चॅटर्जी यांनी १९७४ मध्ये 'रजनीगंधा' काढला. मराठी रंगभूमीवरून आलेल्या अमोल पालेकरांचा हा पहिला हिंदी चित्रपट. मूळ कथा दैनंदिनीच्या धर्तीची आहे. दीपा ही संशोधन करणारी तरुणी कानपूरला राहते. संजय तिच्यावर प्रेम करतो, उशिरा येतो, कचेरीतल्या गोष्टी सांगतो आणि रजनीगंधेची फुले आणतो. नोकरीच्या मुलाखतीसाठी ती कलकत्त्याला जाते, तेथे तिचा पूर्वीचा प्रियकर निशीथ भेटतो, आणि तेच प्रेम खरे होते असे तिला वाटू लागते. ती परतते, संजय फुले घेऊन दारात उभा राहतो, आणि हेच खरे असे तिला वाटते. कथेचा सारा बारकावा या 'वाटण्या'त आहे. पतिव्रतेला एक सत्य असते आणि व्यभिचारिणीला एकही नसते, अशी जी सोयीची विभागणी आपल्या कथापरंपरेत चालत आलेली आहे ती येथे गळून पडते. दीपा दोन्ही वेळा खरेच बोलते. तिच्या मनाला दोन शहरांत दोन सत्ये सापडतात, आणि लेखिका तिला त्याबद्दल शिक्षा तर करीत नाहीच, पण शाबासकीही देत नाही.

चित्रपटाने कानपूरची दिल्ली केली आणि कलकत्त्याची मुंबई. हा बदल वरवरचा वाटतो, परंतु त्यामुळे कथेचे वजन हलले. कानपूर-कलकत्ता हे अंतर एका एकाकी मुलीच्या मनातील अंतर आहे. दिल्ली-मुंबई म्हटले की नोकरशाहीचे शहर आणि जाहिरातीचे शहर, बढतीची वाट पाहणारा साधा तरुण आणि जाहिरातीच्या जगात वावरणारा रुबाबदार तरुण, अशी प्रेक्षकाला सहज कळणारी जोडी तयार होते. प्रेक्षक निवड करू लागतो. आणि एकदा निवड करू लागला की तो मध्यमवर्गीय सुज्ञपणाने साध्या तरुणाच्याच पारड्यात मत टाकणार. कथेच्या अंती असलेला क्षण उद्या पुन्हा मोडू शकेल असा आहे. चित्रपटात तोच क्षण लग्नाच्या उंबरठ्यावर येऊन स्थिरावतो. असे असले तरी 'रजनीगंधा' हे रूपांतर प्रामाणिक आहे. दिग्दर्शकाने नायिकेचे चंचलपण झाकले नाही, तिच्या मनातील बोलणे तिच्याच आवाजात ऐकू येऊ दिले, आणि खलनायक आणला नाही. हिंदी चित्रपटात एखादी स्त्री दोघांचा विचार करते आणि तिला कोणी गुन्हेगार ठरवीत नाही, ही गोष्ट १९७४ साली लहान नव्हती.

'आपका बंटी'चा अनुभव नेमका उलटा आहे, आणि त्याचे कारण कादंबरीतच शोधावे लागते.

कादंबरीची कथा थोडक्यात अशी. शकुन ही एका महाविद्यालयाची प्राचार्या आहे. पती अजय कलकत्त्याला असतो. दोघे दीर्घकाळ विभक्त आहेत. आठ-नऊ वर्षांचा बंटी आईजवळ, म्हाताऱ्या फूफीच्या सांभाळात वाढतो आहे. वडील अधूनमधून येतात, खेळणी देतात, जातात. 'वकील चाचा' हे दोन्ही पक्षांचे हितचिंतक एक दिवस घटस्फोटाची बोलणी घेऊन येतात. अजयला मीरेशी संसार थाटावयाचा आहे. पुढे शकुन डॉक्टर जोशींशी विवाह करते. डॉक्टर विधुर आहेत, त्यांना दोन मुले आहेत, घर मोठे आहे. त्या घरात बंटीला स्वतःची म्हणून जागा सापडत नाही. तो वडिलांकडे पाठवला जातो, तेथेही तो उपराच ठरतो, आणि शेवटी आगगाडीत बसून वसतिगृहाच्या वाटेला लागतो. वडील शेजारी बसलेले आहेत, आणि डब्यातील चेहऱ्यांत त्यांचा चेहराही हळूहळू अनोळखी होत जातो.

येथे कोणी दुष्ट नाही. अजय क्रूर नाही, मीरा सावत्र आईच्या साच्यातील नाही, डॉक्टर तर सज्जनपणाची कमाल आहेत. ज्या समाजात मोडलेल्या संसाराची कहाणी म्हणजे मद्यपी नवरा किंवा कैदाशीण सासू असे समीकरण बसलेले, तेथे ही निवड विशेष धाडसाची म्हटली पाहिजे. लेखिका जणू म्हणते की, सारी माणसे बरी असतानाही ही व्यवस्था मुलाला कसे बाहेर फेकते ते पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूदच नव्हती. ती १९७६ मध्ये आली. कादंबरी त्यापूर्वीची आहे. कायद्याने ज्या समजूतदार विभक्तपणाला अद्याप नाव दिले नव्हते, त्याचा हिशेब या कादंबरीने आधीच मांडून ठेवला.

कादंबरीची मोठी शक्ती तिच्या दृष्टिकोनात आहे. काही भाग शकुनच्या मनातून येतात. परंतु बहुतांश जग बंटीच्या उंचीवरून दिसते. आईची प्रसाधनाची मांडणी तो पाहतो. तिच्यावरच्या बाटल्यांत काही जादू असावी, कारण तिच्यापुढे बसलेली मम्मी उठते तेव्हा निराळीच झालेली असते. घरातली मऊ मम्मी जाते आणि महाविद्यालयाच्या खुर्चीवरची कठोर बाई येते. फूफीने सांगितलेली सोनल राणीची गोष्ट, सुंदर राणीच्या रूपात दडलेल्या चेटकिणीची, त्याच्या मनात आईच्या चेहऱ्याशी जाऊन चिकटते. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या दुहेरी जीवनाविषयी व्याख्यानांतून जे पुष्कळ बोलले गेले आहे, ते सारे येथे एका मुलाच्या भयात साठवलेले आहे. आणि ते भय खोटे नाही. मुलाच्या बाजूने पाहिले तर आई खरोखरच दररोज सकाळी हरवते. पुढे डॉक्टरांच्या घरी त्या बाटल्यांचा अर्थ आणखी बदलतो. आई ही स्त्रीही आहे, हे ज्ञान बंटीला होते ते अशा वस्तूंतून, बंद दारांतून, आणि मोठ्यांनी चटकन बदललेल्या विषयांतून.

पण हीच शक्ती कादंबरीची अडचणही आहे. मुलाच्या डोळ्याने आई दिसली की ती दोषी दिसणारच. शकुनचे अंतरंग लेखिकेने निर्दय प्रामाणिकपणे उघडे केलेले आहे. प्राचार्यपदापर्यंतची तिची धडपड हौसेपेक्षा अजयला हरवण्याच्या ईर्ष्येतून झाली. बंटीलाही ती कधी दुवा म्हणून तर कधी शस्त्र म्हणून जवळ बाळगत आली. आणि अजय सुखी आहे हे कळल्यावर तिला जे जाळते त्यात प्रेमापेक्षा पराभव अधिक आहे. एवढे स्वतःविषयी जाणणारी नायिका त्या काळच्या भारतीय कादंबरीत विरळाच. तथापि वाचकाने तिच्या आत्मज्ञानाला कबुलीजबाब समजून तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. 'धर्मयुग'मध्ये कादंबरी क्रमशः येत होती तेव्हापासून वाचकांच्या अश्रूंचा पूर बंटीकडे वाहिला. लेखिकेला याची चाहूल होती. 'जन्मपत्री : बंटी की' या प्रास्ताविकात तिने बजावून ठेवले आहे की, ही कादंबरी जर केवळ डोळे ओले करून थांबली तर आपले पत्र चुकीच्या पत्त्यावर गेले असे ती समजेल.

पत्राचे हे रूपक शीर्षकातच आहे, आणि मराठीत ते आणू पाहणाऱ्या भाषांतरकाराला ते पहिल्याच पानावर अडवते. हिंदीतील 'आपका' म्हणजे तुमचा, आदराने तुमचा; पत्राच्या शेवटी सही करण्यापूर्वी लिहितात तो. बंटी वाचकाला सांगतो, मी तुमचा आहे, आता बघा काय करता ते. मराठीत पत्राअखेर आपण 'आपला' लिहितो; पण मराठीतला 'आपला' एवढ्यावर थांबत नाही. तो जसा 'तुमचा' आहे तसा 'तुमचा-आमचा मिळून' असाही आहे, घरचा आहे, जवळचा आहे. 'आपला बंटी' म्हटले की त्या मुलाला लगेच कुशीत घेतल्यासारखे होते, आणि मूळ शीर्षकातील आरोप विरघळून जातो. 'तुमचा बंटी' म्हटले तर आरोप राहतो, पण पत्राची अदब जाते. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. मूल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर एका सर्वनामात दडलेले आहे, आणि कादंबरीतील प्रत्येक मोठे माणूस ते सर्वनाम दुसऱ्याकडे सरकवीत असते.

याच जातीची दुसरी अडचण पतिपत्नींच्या संबोधनाची. हिंदीला 'तू' आणि 'आप' यांच्यामध्ये 'तुम' आहे. दीपा संजयला 'तुम' म्हणते तेव्हा ती त्याच्या बरोबरीने बसते. तिने फार धिटाई केली असे कोणाला वाटत नाही आणि ती नमली असेही वाटत नाही. मराठीत या मधल्या पायरीला जागा नाही. पत्नीने पतीला 'अहो' म्हणावयाचे आणि त्याने तिला 'अगं', ही आपली कैक पिढ्यांची विवाहसंस्था व्याकरणात शिरून बसलेली आहे. शहरी सुशिक्षित जोडप्यांनी पुढे 'अरे-तुरे' सुरू केले खरे. परंतु साठ-सत्तरच्या सुमारास त्या 'अरे'ला बंडाचा वास होता. म्हणजे दीपाला मराठीत आणताना भाषांतरकाराने तिला एक तर बंडखोर करावे किंवा आज्ञाधारक. मूळ कथेत ती यांपैकी काहीच नाही. मराठी कादंबरीतील विवाहाच्या चित्रणाचा अभ्यास करणाऱ्यांनी कथानकांच्या याद्या करण्यापेक्षा कोण कोणाला काय म्हणते एवढेच तपासले तरी बरेच हाती लागेल.

आता चित्रपटाकडे वळावे. शिशिर मिश्रा दिग्दर्शित 'समय की धारा'त शबाना आझमी आणि शत्रुघ्न सिन्हा यांच्या भूमिका होत्या. म्हणजे नटसंच हलका नव्हता. लेखिकेच्या तक्रारीचा आशय असा की, शकुनचे चित्र आणि तिच्या संबंधांची दृश्ये भडक व बाजारी झाली आहेत, संवादांना कादंबरीत नसलेला हलका रंग आला आहे, आणि शेवटी बंटीचा मृत्यू घडवून आणलेला आहे. कादंबरीतील बंटी मरत नाही. तो जिवंत राहतो, आणि हाच कादंबरीचा सर्वांत कठोर भाग आहे. मेलेल्या मुलासाठी रडून मोकळे होता येते. वसतिगृहात वाढणाऱ्या मुलाला दर महिन्याला पैसे पाठवावे लागतात. त्याचा मृत्यू दाखवताच कथेतील सारे गणित बदलते. तो आईच्या पुनर्विवाहाचा परिणाम होतो, म्हणजे शिक्षा होते. आणि प्रेक्षक शिक्षा पाहून समाधानाने घरी जातो. ज्या विवाहसंस्थेची चिकित्सा करण्यासाठी कादंबरी लिहिली गेली, तिचेच पावित्र्य चित्रपटाने बंटीच्या चितेवर पुन्हा प्रस्थापित केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

न्यायालयापुढचा प्रश्न वरवर तांत्रिक होता. लेखिकेने हक्क करारान्वये दिलेले होते. मग तिला बोलण्यास जागा उरते काय? १९५७ च्या लेखनाधिकार कायद्याचे ५७ वे कलम असे की, हक्क विकल्यानंतरही कृतीचे विकृतीकरण रोखण्याचा लेखकाचा विशेष अधिकार राहतो. न्यायालयाने या कलमाला पूर्ण वजन दिले. कादंबरी आणि चित्रपट ही दोन भिन्न माध्यमे आहेत, तेव्हा बदल अटळ आहेत हे त्याने मान्य केले. परंतु बदलांनी मूळ कृतीची निराळीच कृती होता कामा नये अशी मर्यादा आखली, आणि वादातील प्रसंग एकेक घेऊन ते या मर्यादेच्या आत बसतात की बाहेर पडतात ते पाहिले. रूपांतराच्या समीक्षेत आपल्याकडे इतके तपशीलवार वाचन क्वचितच झाले आहे. काय जोडले, काय गाळले, याने पात्राचा स्वभाव बदलतो की केवळ त्याची अभिव्यक्ती, असे प्रश्न न्यायाधीशाला विचारावे लागले. समीक्षकांनी ते आधी विचारले असते तर बरे झाले असते. अखेरीस पक्षांमध्ये तडजोड झाली. चित्रपटाने लेखिकेचे व कादंबरीचे नाव घ्यावयाचे नाही, आणि लेखिकेने त्यावर हक्क सांगावयाचा नाही.

या तडजोडीत लेखिका जिंकली की हरली? कायद्याच्या दृष्टीने तिने पुढील सर्व लेखकांसाठी एक भक्कम आधार निर्माण केला. परंतु पडद्यावरची शकुन तशीच राहिली. तिचे मूळ फक्त पुसले गेले. आपल्या नावावर आलेले खोटे अपत्य नाकारण्याचा अधिकार लेखिकेला मिळाला, त्या अपत्याला खोटे ठरवण्याचा नव्हे. ज्या प्रेक्षकाने कादंबरी वाचलेली नाही त्याच्यापुढे घटस्फोटित आईचे तेच जुने चित्र पुन्हा एकदा मांडले गेले.

येथे एक आक्षेप घेता येईल आणि तो टाळू नये. चित्रपटाने जे केले त्याची बीजे कादंबरीत नव्हती काय? बंटीच्या दुःखाला इतके रसाळ स्थान देणाऱ्या कृतीचा कोणी अश्रुपट केला तर दोष एकट्या निर्मात्याचा कसा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. कादंबरीच्या उत्तरार्धात शकुन मागे पडते. डॉक्टर जोशींच्या घरातील तिचे नवे वैवाहिक जीवन, त्यातील सुख, त्यातील तडजोडी यांना पुरेशी पाने मिळत नाहीत. शरीरसुखाचा आणि सोबतीचा तिचा हक्क लेखिकेला मान्य आहे, पण त्याचे चित्र ती मुलाच्या धक्क्यातूनच देते. परिणामी हक्क तत्त्वतः राहतो आणि धक्का अनुभवास येतो. १९३४ च्या 'हिंदोळ्यावर'मध्ये विभावरी शिरूरकरांनी अचलेच्या बाजूने, पतीने टाकलेल्या स्त्रीच्या प्रेमाच्या व मातृत्वाच्या इच्छेच्या बाजूने, जे धैर्य दाखवले ते या एका बाबतीत अधिक सरळ होते. तरीही बीज असणे आणि झाड तोडून त्याचे सरण रचणे यांत अंतर आहे. लेखिकेने शकुनला दोषासह मोठी केली होती. चित्रपटाने तिला दोषापुरतीच ठेवली.

मराठीतील 'उंबरठा'चे उदाहरण येथे उपयोगी पडेल. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९८२ मध्ये हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. सुलभा महाजन पती आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. परत येते तेव्हा पतीच्या जीवनात दुसरी स्त्री आहे आणि मुलीला आई परकी झालेली आहे. सुलभा पुन्हा निघते, आणि अखेरीस आगगाडीत बसलेली दिसते. मूल दुरावते, पण मरत नाही. आईला हानी पोहोचते, पण तिला दंड होत नाही. स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावरचा तो शेवटचा भाव प्रेक्षकाला ना रडू देतो ना टाळी वाजवू देतो. व्यावसायिक यशही या चित्रपटाला मिळाले. तेव्हा असा शेवट प्रेक्षकांना पचत नाही, हे निर्मात्यांचे नेहमीचे कारण खरे मानण्याचे कारण नाही. मात्र हेही सांगितले पाहिजे की 'उंबरठा'ची गाडी आईला घेऊन जाते आणि 'आपका बंटी'ची मुलाला. पहिलीत बसणे सोपे आहे. तिला निदान कोठे जावयाचे ते ठाऊक असते.

हिंदी नाट्याने याच सुमारास दिल्लीच्या मध्यमवर्गीय घराला 'आधे अधूरे'मध्ये रंगमंचावर आणले. मोहन राकेश यांचे हे नाटक १९६९ मध्ये ओम शिवपुरी यांनी दिल्लीत केले, आणि पुढे तेंडुलकरांच्या भाषांतरातून ते मराठीत आले. त्यातील सावित्रीही नोकरी करून घर चालवते आणि पूर्ण पुरुषाच्या शोधात प्रत्येक पुरुषापाशी अडखळते. नाटक मोठे आहे. परंतु सावित्रीच्या शोधाचा निवाडा अखेरीस एक पुरुष पात्र लांबलचक भाषणात करते, आणि प्रेक्षक तो निवाडा नाटककाराचाच समजून उठतात. शकुनच्या बाबतीत असा निवाडा देणारे कोणी कादंबरीत नाही. तो वाचकांनी दिला, नंतर चित्रपटाने दिला.

१९७९ मध्ये दिल्लीहून 'मानुषी' निघू लागले आणि हुंडाबळींविरुद्ध 'ॐ स्वाहा' हे पथनाट्य शहराच्या चौकाचौकांत होऊ लागले, तेव्हा विवाहाविषयीचे बोलणे रस्त्यावर आले. ते यावयासच हवे होते. जळालेल्या मुलींच्या बाजूने कथा लिहून भागत नव्हते. मन्नू भंडारी त्या अर्थाने चळवळीच्या लेखिका नव्हेत. स्त्रीवादी म्हणून त्यांचा झेंडा कोणी मिरवला नाही, आणि त्यांनीही तो मागितला नाही. 'स्त्री सुबोधिनी' या कथेत विवाहित साहेबाच्या प्रेमात फसलेली एक नोकरदार बाई इतर भगिनींना उपदेश करते. शीर्षक मुद्दाम जुन्या गृहिणीशिक्षणाच्या पोथीसारखे ठेवलेले, सूर थट्टेचा, आणि जखम मात्र खरी. अशा लेखनाला घोषणा जोडता येत नाही.

त्यांच्या सर्व कथांत 'अकेली' ही विवाहाविषयीची सर्वांत थोर कथा म्हणावी लागेल, आणि तिच्यात विवाह दिसतच नाही. सोमा बुआचा तरुण मुलगा गेला. त्या दुःखाने नवरा संन्यासी झाला, आणि वर्षातून एकदा घरी येतो तोही तिला जाच करण्यासाठी. म्हातारी शेजारपाजारच्या प्रत्येक मंगलकार्यात न बोलावता जाते, राबते, आणि नवऱ्याची बोलणी खाते. पुढे सासरच्या दूरच्या नात्यातले लग्न गावात होणार असल्याचे तिला कळते. आमंत्रण येईलच या भरवशावर ती मृत मुलाची अंगठी, त्याची शेवटची खूण, अहेरासाठी देऊन टाकते. साडी रंगवते, बांगड्या भरते, अहेराचे ताट सजवते. मुहूर्त पाचचा. ती गच्चीवर उभी राहून गल्लीकडे पाहत राहते. सात वाजतात. कोणी येत नाही. मग ती खाली उतरते, साडीची घडी घालते, ताटातल्या वस्तू एकेक उचलून आपल्या एकुलत्या एका पेटीत ठेवते, आणि शेगडी पेटवावयास बसते.